चोवीस मीटरचा पाइप ट्रस आणि नऊ मिलीमीटरचे अकरा दिवस

मे महिना, सोलापूर, चिंचोळी एमआयडीसीतलं यार्ड. पाइपचा ट्रस, म्हणजे पाइप जोडून केलेला जाळीदार सांगाडा, लांबी २४ मीटर, टॉलरन्स (चालणारा फरक) ±५ मिमी. फिटअप (पाइप जुळवणं), टॅक (तात्पुरते छोटे वेल्ड), वेल्डिंग सगळं नीट झालं, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. अडकलो ते डायमेन्शन रिपोर्टला, म्हणजे मापांच्या रिपोर्टला.

दुपारी दोनला टोटल स्टेशन (प्रकाशकिरणानं अंतर मोजणारं मशीन) लावलं तर २४,००९ मिमी आलं, आणि त्याच ट्रसवर स्टीलची टेप आडवी टाकली तर बरोब्बर २४,०००. मी दोन्ही आकडे प्रामाणिकपणे लिहिले, तिथंच घोळ झाला. तपासणी करणाऱ्या ऑफिसनं रिपोर्ट परत पाठवला, म्हणे मशीन खराब आहे, कॅलिब्रेशन सर्टिफिकेट, म्हणजे मशीन बरोबर मोजतं याचा दाखला, आणा. आणलं. मग म्हणे फॉर्मात तापमानाचा रकाना नाही, शेऱ्यात लिहू नका. परत. तिसऱ्यांदा तर उघडूनसुद्धा बघितलं नाही, अकरा दिवस गेले आणि तिकडं साइटवर क्रेन भाड्यानं उभी, अजून आठवलं की डोकं तापतं.

आमचे फिटर मामा पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "साहेब, पाइप उन्हात वाढतंय की, टेपपण वाढतीय." तेच खरं. स्टील दर मीटरला दर डिग्रीला ०.०१२ मिमी वाढतं, टेपवरचं माप २० डिग्रीला बरोबर धरलेलं असतं, आणि पाइपला चुंबकाचं थर्मामीटर चिकटवलं तर ५३ दाखवत होतं. टेप पाइपवरच तापलेली, म्हणून तिला फरक कळतच नाही, टोटल स्टेशनला कळतो.

शेवटी मी स्वतः ऑफिसात जाऊन बसलो, तुमचा माणूस पहाटे पाचला पाठवा म्हणालो. आला बिचारा. पाइप २८ डिग्री, आकडा २४,००२. दुपारी त्याच्यासमोरच परत २४,००९. त्यानं काही न बोलता सही केली, मला तिथंच रडू येईल असं वाटलं.

हां, एक राहिलंच, उन्हात वरचा पाइप तापतो, खालचा सावलीत, त्यामुळं ट्रस वर फुगतो, कॅम्बर (ट्रसचा मधला वरचा बाक) दुपारी मोजूच नका. आणि पाइपचा सेंटर हाताला लागत नाही, म्हणून गोलाकारावर किमान तीन, जमल्यास चार-पाच पॉइंट घेऊन काढा, वेल्डजवळ नको, तिथं पाइप गोल राहत नाही. टोटल स्टेशनचा किरण परत पाठवणारा स्टिकर काढून मिनी प्रिझम (छोटा काचेचा रिफ्लेक्टर) लावला तर सेटिंगमधला कॉन्स्टंट, म्हणजे त्या रिफ्लेक्टरसाठीची ठराविक दुरुस्ती, बदला, नाहीतर चूक सेंटिमीटरमध्ये जाते.

तापमान मात्र शेऱ्यात लिहाच, परत आला तरी लिहा.