आमची वाटचाल, आणि बडोद्यात मालवणी जेवण "सगळ्यात आधी" कुणी आणलं त्याबद्दल थोडं

परवा फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. बडोद्यात सगळ्यात आधी अस्सल मालवणी जेवण आणणारे अमुक तमुक, खाली फोटो, हॉटेलच्या दारात खरी होडी आणि होडीवर लाइटिंगची माळ. नाव मी घेणार नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळलंच. मुलगी म्हणाली बाबा नुसतं चिडण्यापेक्षा तुम्ही आपलं लिहा ना, आमची वाटचाल वगैरे लिहितात तसं. म्हणून लिहितोय. चिडूनच लिहितोय, पण लिहितोय.

आता सगळ्यात आधी तर आम्हीही नाही. गायकवाडांच्या काळापासून मराठी माणूस बडोद्यात आहे आणि मासे खाणारी घरंही तेव्हापासूनच आहेत, रावपुऱ्यातल्या वाड्यांतून सोडे, म्हणजे सुकी कोळंबी, भाजल्याचा वास काय काल यायला लागला का? घरी सगळे खायचे. बाहेर बसून, हात बरबटवून, चार माणसांत मोकळेपणी खायची सोय नव्हती, ती आम्ही 2012 साली हॉटेल काढून केली. एवढंच म्हणणं आहे माझं.

जागेसाठी जे फिरलो ते मलाच माहीत. जागा पसंत पडायची, डिपॉझिट ठरायचं, चहा व्हायचा, आणि मग विचारायचे धंदा कसला. माछली म्हटलं की संपलं, "ना भाई, सोसायटी ना पाडे छे." शेवटी दांडिया बाजारच्या आतल्या गल्लीत एका आजींनी वाड्याचा खालचा भाग दिला. अट अशी की धुराडं पार गच्चीपर्यंत न्यायचं आणि शुक्रवारी आजींना वर ताट पाठवायचं. धुराड्याला टेबल-खुर्च्यांपेक्षा जास्त खर्च आला. आजी आता नाहीत, त्यांच्या सुनेला ताट जातं.

मेनू कार्ड आम्ही पहिल्या दिवसापासून ठेवलं नाही. ही कल्पना माझी नाही, देवबागची आहे. आईचं माहेर तिकडचं, मालवणच्या खाली, एका अंगाला कर्लीची खाडी आणि दुसऱ्या अंगाला समुद्र, मधे पट्टीएवढं गाव. तिथे एका घराच्या पडवीत चार टेबलं मांडलेली असायची. बोर्ड नाही, काही नाही, विचारत विचारत जायचं. बसलं की काकू आतून पदराला हात पुसत येणार आणि सांगणार, "आज बांगडो आसा, मोरी आसा. सुरमय गावाक नाय." म्हणजे बांगडा आहे, मोरी (छोटा शार्क) आहे, सुरमई मिळाली नाही. बस, हाच मेनू. सकाळी रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याला, जे लागलं किंवा शेजारच्या होडीतून जे आलं ते. ऑर्डर दिल्यावर आत वाटणाचा आवाज सुरू, आपण आपलं माडांकडे बघत बसायचं. घाई केली तर काकू म्हणायच्या तुम्ही पोहून या तंवर. मग उकड्या तांदळाचा भात, तिरफळ हा कोकणी मसाला घातलेलं बांगड्याचं सार, तव्यावरची तुकडी आणि स्टीलच्या पेल्यात सोलकढी. काय पाहिजे म्हणून विचारत बसायच्या नाहीत, वाढायच्याच. तसं जेवण मी मोठमोठ्या हॉटेलांत शोधलं, मिळालं नाही, कारण मोठ्या हॉटेलात जे कार्डावर छापलंय ते रोज द्यावं लागतं आणि समुद्र कार्ड वाचत नाही. म्हणून आमच्याकडे दारात फळा. सकाळी माल आला की खडूने लिहायचं, संपलं की पुसायचं.

बडोद्याला समुद्र नाही हे वेगळं सांगायला नको. माल वेरावळहून रात्रीच्या गाडीने, नाहीतर मुंबईहून पार्सल. वेरावळ म्हटलं की लोकांना वाटतं मग काय मज्जा, पण तिथला चांगला माल थेट परदेशी जातो, आपल्यासाठी उरलेल्यातून निवडायचं असतं. थर्मोकोलची पेटी आली की मी आधी पेटीचं बूड बघतो. खाली भोक पाडलेलं असलं तर माणूस धंद्यातला, वितळलेल्या बर्फाचं पाणी वाहून जायला पाहिजे, त्या पाण्यात मासा रात्रभर बसला की सकाळी वरून चकचकीत आणि आतून पिचपिचीत. मग कल्ले उघडून बघायचे, लाल हवेत, तपकिरी झाले की परत. बोंबील असेल तर तो त्याच दिवशी गेला पाहिजे, फडक्यात गुंडाळून वर पाटा ठेवायचा, पाणी निघेपर्यंत तव्याजवळ न्यायचा नाही. आमचा तवा बिडाचा आहे, आईच्या आईचा, मधे थोडा खोलगट झालाय आणि उजवीकडची कड जास्त तापते, म्हणून जाड तुकडी उजवीकडे आणि शेपटीकडची डावीकडे. तो साबणाने घासायचा नाही. नवीन पोरगा येतो आणि पहिल्या आठवड्यात हमखास घासतो, मग मी ओरडतो, मग परत तेल लावून तापवत बसायचं. आणि तुकडी टाकली की हात लावायचा नाही, कड आपोआप सुटते. हे सगळ्यांना माहीत असतं, पण हात थांबत नाही कुणाचा.

आडाळी, म्हणजे विळी, ती पण मालवणहून आणलेली आहे. सुरीने सुरमई कापणारे लोक आहेत, मी बघितलेत, असो.

या धंद्यात कॅलेंडर पाठ पाहिजे. आषाढात, गटारीच्या आधी, मासे खाणारा माणूस अक्षरशः वेडा होतो, आणि नेमकी तेव्हाच बंदी. जून-जुलैत मासेमारी बंद, ट्रॉलर बंद, गिऱ्हाईक दारात आणि मासा समुद्रात. बंदी उठते न उठते तोच श्रावण, मग गणपती, मग पितृपक्ष, मग नवरात्र, आणि गुजरातमधलं नवरात्र म्हणजे तुम्हाला माहितीये. 2023 ला तर अधिक श्रावण आला, जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत श्रावणच श्रावण. वर दारूबंदी. मुंबई-गोव्याच्या सीफूडवाल्याला बार असतो, मासे पडेल भावात दिले तरी बारवर निघून येतं. आम्हाला सोलकढीवर काढायचं असतं.

पावसाळ्यात थोडा आधार भरूचच्या पाल्याचा असायचा. नर्मदेत अंडी घालायला वर चढतो तो, आपल्याकडे पाला म्हणतात, बंगाली लोक ज्याच्यासाठी जीव टाकतात ती हिलसा. आता फार कमी येतो. आला की मी पहिला फोन काकांना करायचो.

काका म्हणजे आमचं पहिलं गिऱ्हाईक. बँकेतून रिटायर्ड, कायस्थ, म्हणजे सोड्यांवर जन्मसिद्ध हक्क. पहिल्याच दिवशी येऊन बसले, फळा वाचला, मी म्हटलं काका पापलेट देऊ का, तर ताटात बघून म्हणाले, "अरे हा हलवा आहे. हलवा म्हणून दे, मी खाईन. पापलेट म्हणून दिलास तर उद्या येणार नाही." हलवा म्हणजे पापलेटसारखाच दिसणारा काळसर मासा. पेटीवर सप्लायरने लिहिलेलं पापलेट, मी तेच सांगितलं होतं. त्या दिवसापासून पेटीवरचं लिखाण वाचायचं बंद केलं. काका जेवताना काटे ताटाच्या कडेला ओळीत लावत जायचे, मोठ्यापासून छोट्यापर्यंत, आणि शेवटी ती ओळ बघूनच त्यांना समाधान वाटायचं. श्रावणात बंद ठेवण्यापेक्षा वालाचं बिरडं कर हेही त्यांनीच सांगितलं, काकूंना घेऊन आले, काकूंनी आमच्या किचनमध्ये उभं राहून वाल सोलायला लावले सगळ्यांना. आजही श्रावणात आम्ही बिरड्यावर चालतो.

तर आता होडीवाले.

हा मनुष्य आमच्याकडे जेवायला यायचा. आपल्यातलाच, लग्नकार्यात भेटणारा. यायचा, फोटो काढायचा, मला शेठ शेठ करायचा, किचनच्या दारात उभा राहून मावशींशी गप्पा मारायचा, मावशी तिरफळं कुठून आणता, मावशी कोकमाचं आगळ कुठलं. मावशी म्हणजे आमची मुख्य स्वयंपाकीण, वेंगुर्ल्याकडची, माझ्या मामानेच पाठवलेली. मला वाटायचं हौशी माणूस आहे. 2018 ची दिवाळी झाली आणि दोन गल्ल्या सोडून ह्याच्या हॉटेलचं उद्घाटन, पत्रिका मला पण होती हे विशेष, आणि आत गेलो तर मावशी तिथे शेगडीपुढे. आदल्या रात्री आमच्याकडे भांडी आवरून, उद्या येते म्हणून गेलेल्या. दुप्पट पगार आणि राहायला खोली देत होते म्हणे. मावशींना मी दोष देत नाही, त्यांना गावी घर बांधायचं होतं. पण मला समोर बघून त्यांनी मान खाली घातली आणि हा शहाणा मधे येऊन म्हणतो, "शेठ, मार्केट मोठं झालं तर दोघांचा फायदा."

तो हिवाळा आमचा कसा गेला ते सांगतो. नाताळ ते उत्तरायण हाच आमचा सीझन, परदेशातली मंडळी घरी आलेली असतात, आणि आमच्या शेगडीपुढे माणूस नाही. आई सत्तरीला आलेली, ती उभी राहिली. बायको शाळेत शिकवते, शाळा सुटली की थेट किचनमध्ये, साडीवर ॲप्रन. मी सकाळी माल, दुपारी गल्ला, रात्री भांडी. तरी निम्मी टेबलं रिकामी, कारण तिकडे होडी होती, जाळी टांगलेली होती, वेटरच्या डोक्यावर कोळ्यांची टोपी होती, लोकांना फोटो काढायला काहीतरी लागतंच. वेरावळवाल्याची उधारी चढली, वाड्याचं भाडं थकलं, आणि फेब्रुवारीत मी बायकोला म्हणालो मार्चनंतर बंद करू.

त्याच आठवड्यात काका आले, जेवले, आणि पाकीट दिलं. म्हणाले, "तीन महिन्यांचं जेवण ॲडव्हान्स. मधेच मेलो तर उरलेलं मुलाला खाऊ घाल, तो पुण्यात उपाशी असतो." मग म्हणाले मी तिकडे जाऊन आलो. मला जरा लागलंच. काका म्हणाले, "तुझी नक्कल केलीय त्याने, दारात फळा आहे, वर लिहिलंय आजची मासळी. खाली सगळे मासे. पाला पण आहे. जानेवारीत. ऑइल पेंटने लिहिलाय रे!" आणि एवढे हसले की ठसका लागला.

मी गेलो बघायला, खोटं कशाला बोलू. खरंच ऑइल पेंट. आत सुरमईच्या नावाखाली जाड पांढरी फिलेट, ना कातडी ना मधला काटा, खाल्ल्याबरोबर कळलं बासा आहे, गोड्या पाण्यातला स्वस्त मासा. तिरफळ सगळ्यातच, कोळंबीत पण, आणि बीसकट वाटलेलं. अहो तिरफळाची काळी बी काढून टाकायची असते, टरफल नुसतं चेचून शेवटी सोडायचं, बी वाटली की कडू होतं. मावशींना हे माहीत नसेल? त्यांना तिथे कुणी विचारतच नव्हतं, मसाला म्हणे सेंट्रल किचनमधून यायचा. वर्षाच्या आत त्या गावी निघून गेल्या, जाताना आईला भेटून गेल्या, माझ्यापुढे आल्या नाहीत.

आम्ही बंद केलं नाही. काकांचं पाकीट म्हणजे काय फार मोठी रक्कम नव्हती, वेरावळची एक उधारी फिटली, पण गाडी परत सुरू झाली, मग काकांनी त्यांच्या बँकेतले सगळे रिटायर्ड धरून आणले, दर बुधवारी एक टेबल त्यांचंच. पुढे कोरोना, डबे, 2024 च्या पुरात लाइट गेली आणि फ्रीझरमधला माल फेकला, ते सगळं झालं, सगळ्यांचंच झालं. काका 2022 ला गेले. मुलगा पुण्याहून आला होता तेव्हा जेवून गेला, पैसे घेतले नाहीत, हिशोब बाकी होता.

होडीवाले जोरात आहेत. हायवेला दुसरी शाखा काढलीय, तिथे म्हणे होडीत बसूनच जेवता येतं.

आता कुणी नवीन मंडळी यात उतरणार असाल तर ऐका. भाडेकरार रजिस्टर करा आणि त्यात मांसाहारी हा शब्द स्पष्ट लिहून घ्या, तोंडी हो म्हणणारे मालक दिवाळीत बदलतात. फ्रीझर घेताना मोठा घेऊ नका, मोठा असला की भरला जातो आणि भरला की विकावा लागतो. सोलकढीला नारळ रोज फोडा, पावडरवर जाऊ नका, आणि गुलाबी रंगासाठी बीट घालणार असाल तर आमच्याकडचे आहोत म्हणून सांगू नका. एका बाईंनी ॲपवर आम्हाला एक स्टार दिलाय, कारण मछली में काँटे थे. त्याला उत्तर देऊ नका असं मुलीने बजावलंय, म्हणून दिलेलं नाही.

सोमवारी बंद असतो. बाकी दिवशी निघायच्या आधी फोन करा, फळ्यावर काय आहे ते सांगू. रविवारी एक वाजल्यानंतर सुरमई नाही म्हटलं की नाही, फ्रीझरमध्ये बघा ना जरा असं म्हणू नका, बांगडा घ्या, लहान मुलांना काटे काढून द्यायला रविवारी एक पोरगा खास ठेवलाय.