पांडवलेणीचा डोंगर ज्वालामुखी नाही

मुंबईहून नाशिकला येताना पांडवलेणीचा डोंगर दिसला की गाडीतलं कुणीतरी म्हणतंच, "हा नक्की जुना ज्वालामुखी!" शंकूसारखा आहे, मान्य. पण टोपोशीट, म्हणजे उंचसखलपणा दाखवणारा नकाशा, उघडा. कंटूर, म्हणजे समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, कुठे एकमेकींना चिकटलेल्या, तो कडा; कुठे सुट्या झालेल्या, तो पदर, म्हणजे कड्याखालची सपाटी. माथ्यावर खड्डा नाही. आपला लाव्हा साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांतून आला आणि थरावर थर पसरला. पुढे पाण्याने कोरून जे उरलं ते हे डोंगर.

खरा शंकू कागदावर कसा दिसतो ते बघायला मी कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटातल्या अ‍ॅम्बॉय क्रेटरचं शीट उतरवून घेतलं. अमेरिकेच्या भूसर्वेक्षण खात्याचे नकाशे फुकट मिळतात. उंची मात्र फुटांत, सारखं ३.२८ ने भागा! जेमतेम ७५ मीटरची टेकडी, ब्रह्मगिरीपुढे अगदीच किरकोळ. पण कंटूरची गोल कडी, आणि आतल्या कड्यांना खड्ड्याच्या बाजूने बारीक दात. हे दात म्हणजे इथे जमीन खाली जाते. पश्चिमेकडून मात्र शंकू फुटलेला आहे.

भोवती साठेक चौरस किलोमीटर लाव्हा. तिथे रेषा नुसत्या वळवळतात, ओढ्याचं नाव नाही, कारण पडलं तेवढं पाणी फटींत जातं. आजूबाजूच्या डोंगरांतून मात्र निळ्या तुटक रेषा उतरतात, म्हणजे पावसापुरते ओढे. नाशिककराची नजर इथे अडखळते. आपली गोदावरी अरबी समुद्रापासून ऐंशीएक किलोमीटरवर उगम पावून त्याच्याकडे पाठ फिरवते, १,४६५ किलोमीटर चालते, पण बंगालच्या उपसागराला पोचते. वाटेत ओढे तिला येऊन मिळत राहतात. तिकडे उलटं. डोंगराच्या पायथ्याशी ओढा फुटतो, गाळ पंख्यासारखा पसरवतो आणि खोऱ्याच्या तळाशी संपतो. समुद्र नाहीच. त्यात हा लाव्हा खोऱ्याच्या मधोमध येऊन बसलेला, त्यामुळे कोरड्या तळ्याचे दोन भाग झाले, ब्रिस्टल आणि बॅगडॅड.

पाण्याला बाहेरची वाट नसल्याने क्षार तिथेच साचतात. ब्रिस्टलच्या तळात चर खणून, त्यात झिरपणारं खारं पाणी उन्हात आटवून कॅल्शियम क्लोराइड काढतात. उपग्रहाच्या चित्रात त्या चरांच्या सरळसोट रेषा लगेच सापडतात.