इंजिनाला हात न लावता: पोर्शे ९४४ चा वेग वाढवताना

गाडी १९८८ ची पोर्शे ९४४, टर्बो नसलेली. अडीच लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन, १६० अश्वशक्ती, गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी. मी स्टुटगार्टला पंपांच्या कारखान्यात काम करते, त्यामुळे पाणी काय आणि हवा काय, कुठून वाहते आणि कुठे अडते हा माझा रोजचाच विषय. गाडी घेतली तेव्हाच ठरवलं होतं की इंजिन उघडायचं नाही. वेग वाढवायचा तो हवेचा रोध कमी करून आणि वजन उतरवून. आणि काम संपल्यावर गाडी टीयूव्हीची (जर्मनीतल्या वाहनतपासणी संस्थेची) तपासणी रीतसर पार करून रस्त्यावर यायला हवी. पुण्यात इंजिनिअरिंगला असलेला भाचा आणि त्याचे मित्र फॉर्म्युला भारत या विद्यार्थ्यांच्या स्पर्धेसाठी शर्यतीची गाडी बांधतात. त्यांच्या प्रश्नांना फोनवर तुकड्या-तुकड्यांनी उत्तरं देण्यापेक्षा सगळं एकदा नीट लिहावं म्हटलं.

सुरुवात कागद-पेन्सिलने केली. ९४४ चा रोधगुणांक, म्हणजे तिचा आकार हवेला किती अडतो तो आकडा, ०.३५, समोरून दिसणारं क्षेत्रफळ साधारण १.८ चौरस मीटर. ताशी २२० किलोमीटरला नुसती हवा बाजूला सारायला ११५ ते १२० अश्वशक्ती लागते. टायरांच्या घर्षणात पंधरा-सोळा जातात, उरलेली गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि बेअरिंगं खातात. बेरीज १६० च्या आसपास येते, आणि या गाडीचा कमाल वेगही २२० च्या आसपासच आहे. हवेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो सोसायला लागणारी शक्ती घनाने. १९८५ साली आलेल्या ९४४ टर्बोशी हा हिशेब ताडून पाहिला. तिची शक्ती २२० अश्वशक्ती, रोधगुणांक ०.३३, कमाल वेग २४५. शक्ती सदतीस-अडतीस टक्क्यांनी जास्त आणि वेग मात्र अकरा टक्क्यांनी. घनाचा नियम असा चोख लागू पडलेला पाहिला की फार बरं वाटतं.

मग वजनाचा हिशेब. समजा गाडी सव्वाशे किलोने हलकी केली, तर टायरांच्या घर्षणात दीड-दोन अश्वशक्ती वाचते. कमाल वेगात त्याने ताशी एक किलोमीटरचाही फरक पडत नाही. पण १०० वरून १६० ला पोचायला लागणारा वेळ, वळणावरची पकड आणि ब्रेकवरचा भार, सगळं सुधारतं. ताशी २०० वरून थांबताना ब्रेकना जी ऊर्जा उष्णतेत घालवावी लागते ती नऊ-दहा टक्क्यांनी कमी होते. म्हणून वजन उतरवायचंच, पण कशासाठी ते डोक्यात स्पष्ट ठेवून.

आणि इथेच या कामाचा खरा पेच आहे. वेगात गाडीच्या छतावरून जाणारी हवा तिला वर उचलत असते. मागच्या उचलीचा गुणांक ०.१५ धरला, तरी २२० च्या वेगाला मागचा भाग साठेक किलोने हलका होतो. हलकी करण्यासाठी आपण काय काढतो? मागच्या सीटा, स्टेपनी, डिकीतला गालिचा. म्हणजे मागच्या चाकांवरचं ओझं आपण कमी करतो, उरलेल्यातून हवा तेवढीच उचल घेते, आणि ज्या टायरांनी गाडी सरळ ठेवायची त्यांच्यावरचा दाबच उतरतो. भाच्याला मी पहिल्यांदा हेच सांगितलं: जिथलं वजन काढशील तिथली उचल आधी काढ.

पोर्शेच्या लोकांनी हे १९७२ सालीच करून दाखवलं होतं. ९११ कॅरेरा आरएस २.७ ही गाडी त्यांनी ९६० किलोपर्यंत खाली आणली. पातळ काचा, पातळ पत्रा, दाराला आतून हँडलऐवजी कापडी पट्टा. पण त्याच गाडीच्या मागच्या झाकणावर बदकाच्या शेपटीसारखा वर वळलेला स्पॉयलर आला. त्याने मागची उचल बरीच घटली, आणि कमाल वेगही साडेचार किलोमीटरने वाढला. उचल आणि रोध दोन्ही एकाच तुकड्याने कमी करणं यापेक्षा सुंदर काम मला माहीत नाही. उलट बाजूचं उदाहरण ऑडी टीटीचं. १९९८ च्या पहिल्या गाड्यांना मागे स्पॉयलर नव्हता. ऑटोबानवर (जर्मन महामार्गावर) भरधाव वेगात अपघात झाले, माणसं गेली, तेव्हा विकलेल्या गाड्या परत बोलावून त्यांना स्पॉयलर आणि ईएसपी (गाडी घसरू लागली की आपोआप सावरणारी यंत्रणा) बसवून द्यावं लागलं.

काही काढण्या-लावण्याआधी मी मोजून घेतलं. चारही चाकांखाली वेगवेगळे वजनकाटे ठेवून वजन केलं: अर्ध्या टाकीसह १,२४५ किलो, पुढे-मागे जवळजवळ निम्मं-निम्मं. एका क्लबने भाड्याने घेतलेल्या जुन्या धावपट्टीवर गाडी वेगात नेऊन न्यूट्रलमध्ये सोडली आणि वेग कसा उतरत जातो ते जीपीएसवर नोंदवलं. वेग जास्त असताना हवेचा वाटा मोठा, कमी असताना टायरांचा, त्यामुळे दोन्ही वेगळे काढता येतात. वारा आणि उतार यांचा परिणाम निघून जावा म्हणून दोन्ही दिशांनी धावायचं. प्रत्येक बदलानंतर हीच चाचणी पुन्हा केली. हवेचं तापमान आणि टायरचा दाब लिहून ठेवणं अत्यावश्यक. थंड हवा दाट असते आणि तेवढ्यानेही आकडे हलतात.

दुसरं साधन लोकरीचे धागे. बोटभर लांबीचे तुकडे कागदी चिकटपट्टीने बॉनेटवर, छतावर, मागच्या काचेवर आणि बंपरखाली चिकटवले. मी गाडी चालवत होते, मैत्रीण शेजारच्या लेनमधून समांतर येत होती आणि तिचा नवरा मागच्या सीटवरून मोबाईलवर चित्रण करत होता. जिथे धागे पत्र्याला चिकटून शांत पडतात तिथे हवा नीट वाहते आहे. जिथे ते गरगर फिरतात तिथे ती तुटली आहे. मागच्या मोठ्या काचेवर सगळे धागे शेवटपर्यंत शिस्तीत होते. या गाडीच्या आकाराचं श्रेय तिथे आहे. गोंधळ होता तो पुढच्या बंपरखाली, पुढच्या चाकांसमोर आणि मागच्या बंपरच्या पोकळीत.

उन्हाळ्यात ऑटोबानवर गाडीला चिकटणारे किडेही हेच सांगतात. १९६९ च्या ऑक्टोबरमध्ये ऑस्ट्रियातल्या झेल्टवेगला पोर्शे ९१७ या शर्यतीच्या गाडीची चाचणी चालू होती. गाडी सरळ रस्त्यावरसुद्धा स्थिर राहत नव्हती. जॉन वायर यांच्या संघातले इंजिनिअर जॉन हॉर्समन यांच्या लक्षात आलं की मेलेली चिलटं सगळ्या गाडीवर आहेत, फक्त मागच्या स्पॉयलरवर नाहीत. म्हणजे हवा तिथे पोचतच नाही. तिथेच अॅल्युमिनियमचे पत्रे ठोकून त्यांनी शेपूट आखूड आणि उंच केलं, आणि गाडी वठणीवर आली. पुढच्याच वर्षी ९१७ ने पोर्शेला फ्रान्समधल्या ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीत पहिल्यांदाच सर्व गटांत मिळून पहिला क्रमांक मिळवून दिला. ही गोष्ट कळल्यापासून मी लांबच्या प्रवासानंतर गाडी धुण्याआधी तिचे फोटो काढते.

वजन उतरवण्यात सगळ्यात वेळखाऊ काम डांबरी थरांचं. आवाज दबावा म्हणून जमिनीच्या पत्र्यावर डांबराचे जाड पट्टे चिकटवलेले असतात. त्यावर कोरडा बर्फ पसरायचा. उणे ७८ अंशांना डांबर काचेसारखं ठिसूळ होतं आणि हातोडीच्या हलक्या टोल्याने कपच्या निघतात. दारं-खिडक्या सताड उघड्या हव्यात, कारण त्या बर्फाचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि बंद गॅरेजमध्ये तो जिवावर बेतू शकतो. दहाएक किलो तिथे गेले. विजेवर चालणाऱ्या जड सीटांच्या जागी साध्या मान्यताप्राप्त सीटा आल्या, शिशाची बॅटरी जाऊन लिथियमची आली, वातानुकूलन यंत्रणा आणि स्टेपनी गेली. मागच्या सीटा काढल्या की गाडीची नोंद दोन आसनी म्हणून बदलून घ्यावी लागते. दारांतल्या आडव्या पोलादी पट्ट्यांना, सीटबेल्टला आणि काचांना मी हात लावला नाही. पॉलिकार्बोनेटच्या खिडक्या शर्यतीत चालतात, पण रस्त्यावर मान्यतेचा शिक्का असलेलीच काच लागते. शेवटी काटा १,१२० वर आला. पुढचा भाग थोडा जड राहिला, आणि म्हणूनच मागच्या उचलीकडे जास्त लक्ष दिलं.

हवेच्या बाजूने सगळ्यात मोठा फायदा अगदी साध्या गोष्टीतून मिळाला. पुढून आत शिरलेली हवा रेडिएटरमधून न जाता त्याच्या कडेच्या फटींतून निसटत होती. ती थंड करण्याच्या कामीही येत नव्हती आणि रोध मात्र वाढवत होती. रेडिएटरभोवती पत्र्याची चौकट आणि फोमच्या पट्ट्या लावून सगळी हवा त्याच्यातूनच जाईल असं केलं. मग जुन्या बाजारातून टर्बोचं सलग नाक (पुढच्या बंपरचा भाग) मिळवलं आणि इंजिनाखाली बंपरपासून पुढच्या चाकांच्या मागेपर्यंत अॅल्युमिनियमचा सपाट पत्रा लावला. एक्झॉस्ट आणि गिअरबॉक्सचा भाग उघडा ठेवला, कारण त्यांची उष्णता बाहेर पडायलाच हवी. तिथे प्लॅस्टिक लावणं म्हणजे आगीला आमंत्रण. खालून पत्रा बंद केला की गळलेलं तेल त्यावर साठतं आणि जमिनीवर दिसत नाही, म्हणून पत्रा झटपट काढता येईल अशा कळा लावल्या आहेत आणि तो मी नेमाने उघडून पाहते. ट्रॅफिक जॅममध्ये पाण्याचं तापमान वाढतं का, यावर सुरुवातीला बारीक नजर ठेवली. ते वाढलं नाही.

मागे उंच विंग लावावी असं गॅरेजमधल्या म्हाताऱ्या मेस्त्रींचं मत होतं. त्यांनी आयुष्यभर शर्यतीच्या गाड्या केल्यात, त्यांच्या शब्दाला वजन आहे. पण ते ज्या ट्रॅकचा विचार करत होते तिथे वळणं जास्त आणि सरळ रस्ता कमी. मला १६० अश्वशक्तीत कमाल वेग हवा होता, आणि मोठी विंग दाब देते ती रोधाची किंमत वसूल करूनच. म्हणून मूळचा रबरी स्पॉयलर ठेवला आणि त्याच्या कडेला उभी पट्टी लावली. अमेरिकी शर्यतपटू डॅन गर्नी यांनी १९७१ साली आपल्या शर्यतीच्या गाडीच्या विंगला लावली होती तीच ही युक्ती. मागच्या बंपरखालची पोकळी टर्बोच्या मूळ झाकणाने झाकली, त्यामुळे खालून येणारी हवा आता पॅराशूटमध्ये भरावी तशी तिथे कोंडत नाही. पट्टीची उंची वाढवत-घटवत धागे आणि वेग दोन्ही पाहिले. एका मर्यादेपलीकडे मागचा दाब वाढतो पण पुढचं स्टेअरिंग हलकं लागायला लागतं. मागे दाब वाढवला की पुढेही ओठ, म्हणजे बंपरची खालची कडा, थोडा खाली आणावा लागतो. एकच टोक सुधारून भागत नाही.

टीयूव्हीच्या तपासणीला जाण्याआधी परीक्षकाला भेटून काय-काय करणार ते कागदावर दाखवलं, आणि हे मी प्रत्येकाला सुचवेन. त्यांनी तिथेच सांगितलं की बाहेर आलेल्या कुठल्याही कडेची गोलाई अडीच मिलिमीटरपेक्षा कमी चालणार नाही, मऊ रबर असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून माझी उभी पट्टी रबराची आहे. टर्बोचे भाग पोर्शेचेच असल्यामुळे त्यांवर चर्चा फारशी झाली नाही. सीटांची प्रमाणपत्रं, टायरांचा वेगदर्जा, दिव्यांची उंची, सगळं त्यांनी शांतपणे पाहिलं, गाडी स्वतः चालवून आले आणि एकेक बदल कागदपत्रांत चढवला. असा कागद हातात असणं मला त्या वेगाइतकंच मोलाचं वाटतं.

महाराष्ट्रात हेच रस्त्यावरच्या गाडीवर करता येणार नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल यांनुसार कंपनीच्या मूळ बनावटीत असे फेरफार चालत नाहीत. ज्यांना करायचंच आहे त्यांनी गाडी फक्त ट्रॅकसाठी ठेवावी आणि ट्रेलरवर घालून कोइमतूरला, चेन्नईला किंवा ग्रेटर नोएडाला न्यावी. मोकळ्या एक्स्प्रेसवेवर वेग आजमावणं हा पर्यायच नाही. तिथे चुकीच्या बाजूने कोण येईल याचा नेम नसतो.

निकाल असा. रविवारी पहाटे ए-८१ च्या वेगमर्यादा नसलेल्या, रिकाम्या पट्ट्यावर दोन्ही दिशांची जीपीएसवरची सरासरी आधी २१४ होती, आता २१९ आहे. पाच किलोमीटर. इंजिनातून एवढंच मिळवायचं असतं तर अकरा-बारा अश्वशक्ती वाढवावी लागली असती, आणि या जुन्या इंजिनातून तेवढी काढायला कॅमशाफ्टपासून हेडपर्यंत सगळं बदलावं लागतं. पण माझ्या दृष्टीने मोठा फरक वेगळा आहे. पूर्वी २०० च्या पुढे ट्रकला मागे टाकताना गाडी मागून हलकेच डोलायची आणि हात आपोआप घट्ट व्हायचे. आता ती ज्या रेषेत ठेवली त्या रेषेत राहते. हॉकेनहाइमच्या शर्यतीच्या ट्रॅकवरच्या पाराबोलिका या लांब वळणावर, जिथे वळत-वळतच पूर्ण थ्रॉटलने वेग घ्यायचा असतो, तिथे हे सगळ्यात जास्त जाणवतं. त्या वळणाच्या शेवटी ब्रेकही आता उशिरा दाबता येतात.

बंद नाकामुळे पुढच्या ब्रेकना मिळणारी हवा कमी झाली आहे. सलग फेऱ्या मारल्या की डिस्क जास्त तापतात. या हिवाळ्यात धुक्याच्या दिव्यांच्या जागेतून दोन नळ्या ब्रेकपर्यंत नेणार आहे. परीक्षकांना त्याचं रेखाटन आधीच दाखवून ठेवलं आहे.