पवनचक्की फक्त १२० अंश

सातारा, मंगळवार

एका गेमिंग चॅनलच्या लाइव्ह स्ट्रीमसाठी तीन हलत्या स्क्रीन हातात आहेत: 'थोड्याच वेळात', 'आलोच' आणि 'भेटू पुन्हा'. मागे ठोसेघरच्या वरचं चाळकेवाडीचं पठार. अजिंक्यतारा सगळेच लावतात, पण किल्ला जागचा हलत नाही. लूपला, म्हणजे सांधा न दिसता पुन्हा पुन्हा चालणाऱ्या व्हिडिओला, मुळातच गोल फिरणारं काहीतरी लागतं.

चक्कीला तीन पाती, म्हणून १२० अंशांवरच चित्र पुन्हा पहिल्यासारखं दिसतं. ३० एफपीएसला (सेकंदाला ३० फ्रेम) ८ सेकंद म्हणजे २४० फ्रेम, दर फ्रेमला अर्धा अंश. गोम शेवटच्या फ्रेममध्ये आहे. मोजणी ० पासून होते, तेव्हा १२० अंशांची कीफ्रेम (कोणत्या फ्रेमला कोन किती, ही खूण) २४० वर ठेवायची आणि रेंडर, म्हणजे तयार व्हिडिओ, ० ते २३९ काढायचं. कीफ्रेम २३९ वर ठेवली तर पहिली आणि शेवटची फ्रेम सारखीच निघते आणि दर आठ सेकंदांनी पातं अडखळतं. कीफ्रेम लिनियरच, म्हणजे एकसारख्या वेगाच्या हव्यात. ईझ (सुरुवात-शेवट संथ) दिलं की सांध्यावर चक्की मंदावते. एखाद्या पात्यावर लाल पट्टा काढलात तर मात्र पूर्ण ३६० आले. बाकीच्या चक्क्यांचा वेग १२० च्या पटीत, पण सुरुवातीचा कोन प्रत्येकीचा वेगळा, नाहीतर सगळ्या शाळेतल्या कवायतीसारख्या फिरतात.

ढग जास्त त्रास देतात. दोन्ही कडा जुळणारी १९२० पिक्सेलची पट्टी ३२ सेकंदांत, म्हणजे ९६० फ्रेममध्ये सरकवली की दर फ्रेमला नेमके २ पिक्सेल पडतात. ३२ ला ८ ने भाग जातो, चक्क्याही जुळतात. धुक्यासाठी आफ्टर इफेक्ट्स या अॅनिमेशन सॉफ्टवेअरमधल्या फ्रॅक्टल नॉइज इफेक्टला 'सायकल इव्होल्यूशन' टिक करून इव्होल्यूशन पूर्ण फेऱ्यांतच द्यायचं. साधं विगल (आपोआप होणारी अनियमित हालचाल) नकोच, ते सुरुवातीच्या जागी परत येत नाही.

कासच्या फुलांच्या पाकळ्या उडवायचा मोह आवरायचा. स्ट्रीमच्या ६००० केबीपीएसमध्ये (सेकंदाला ६००० किलोबिट) शेकडो बारीक कण एकदम हलले की एन्कोडर, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करणारा भाग, हात टेकतो आणि चित्र चौकोनांत फुटतं. आठ-दहा मोठी फुलं, संथ, बास. आकाशाच्या उतरत्या रंगातही पट्टे दिसतात. ग्रेन (बारीक दाणे) टाकून ते आपल्या मॉनिटरवर जातात, पण स्ट्रीमच्या कॉम्प्रेशनमध्ये ग्रेनच पुसला जातो आणि पट्टे परत येतात. त्यापेक्षा मोकळं आकाश कमी ठेवावं.

अक्षरं आणि काउंटडाउन व्हिडिओतच पक्के करायचे नाहीत, ओबीएसमध्ये (स्ट्रीम चालवायचं सॉफ्टवेअर) वेगळे सोर्स. उद्या वेळ बदलली तर पुन्हा रेंडर कोण करणार? फॉन्ट मुक्ता, ठळक; बारीक शिरोरेघ मोबाइलवर विरते.

फाइल एच.२६४ एमपी४, ऑडिओ ट्रॅक काढून. ट्रॅक व्हिडिओपेक्षा किंचित लांब राहिला तरी लूपच्या सांध्यावर खंड पडू शकतो. संगीत स्वतंत्र लावावं. पारदर्शकता फक्त वर तरंगणाऱ्या फुलांच्या थराला लागते. तो व्हीपी९ वेबएम, कारण एच.२६४ एमपी४ मध्ये अल्फा, म्हणजे पारदर्शकतेची माहिती, मिळत नाही.

ओबीएसच्या मीडिया सोर्समध्ये 'लूप' टिक. 'क्लोज फाइल व्हेन इनॅक्टिव्ह' सुरुवातीच्या आणि शेवटच्या स्क्रीनला चालू, म्हणजे नको तेव्हा मेमरी अडत नाही. 'आलोच'ला मात्र बंद: ती स्क्रीन दाराची बेल वाजल्यावर घाईत लावली जाते, आणि फाइल नव्याने उघडेपर्यंत मध्ये काळं दिसू शकतं.