संत्र्याच्या बागेतली गोल्फ कार्ट

वरुड-मोर्शीच्या संत्रा पट्ट्यात गोल्फ कार्ट कशाला, हा प्रश्न मला गावात प्रत्येकाने विचारून झालाय. आमची चुलतभावांची मिळून बाग नाल्याच्या काठाने लांबच लांब गेली आहे. घर एका टोकाला उंचावर, क्रेट भरायचं शेड दुसऱ्या टोकाला. बाबांचे गुडघे गेले, मोटरसायकलवर मागे बसवत नाही. नागपुरात जुनी ४८ व्होल्टची कार्ट स्वस्तात मिळाली, म्हणून आणली. मागची सीट पाडली की क्रेटही बसतात.

फक्त ती पळत नव्हती. मोबाइलच्या जीपीएसवर सपाटीला ताशी १९ किलोमीटर आणि बांधाच्या चढावर ११. सायकलवरचा गडी पुढे निघून जायचा आणि वर विचारायचा, "भाऊ, हे गाडी हाय का बंडी?" थोडा वेग गरजेपुरता हवा होता; बाकी हौस, ते कशाला लपवू.

गावातल्या वाइंडिंगवाल्याचं मत पडलं की मोटर नव्याने भरू. मी आधी मल्टिमीटर लावला. सीटखाली ८ व्होल्टच्या सहा लेड ॲसिड बॅटऱ्या होत्या. उभ्या गाडीत बेरीज ५० च्या वर, सगळं झकास. चढावर भावाला चालवायला बसवून पुन्हा मोजलं तर एकूण ४३. पाच बॅटऱ्या साडेसातच्या आसपास टिकून होत्या, सहावी साडेपाचवर आलेली. मोटरला व्होल्टेज कमी तर फेरे कमी. म्हणजे वाइंडिंगचा यात काही संबंधच नव्हता. कोणाचीही कार्ट रेंगाळत असेल तर पैसे काढण्याआधी भाराखालचं हे मोजमाप करावं. टायरमधली हवा आणि ब्रेक धरून बसलाय का हेही त्यातच पाहून होतं.

मग मोटर कोणत्या जातीची ते पाहिलं. तिच्या टर्मिनलवर अक्षरं असतात. ए१, ए२ सोबत एस१, एस२ असेल तर सीरिज मोटर, म्हणजे तिच्या सगळ्या गुंडाळ्यांतून एकच प्रवाह जातो. अशी मोटर जॅकवर, चाकं अधांतरी ठेवून पूर्ण रेस देऊन फिरवू नये. भार नसला की फेरे वाढतच जातात आणि आर्मेचर, म्हणजे आतला फिरणारा भाग, फुटू शकतं. आमच्या मोटरवर एफ१, एफ२ निघालं. म्हणजे फील्डला (चुंबकत्व तयार करणाऱ्या गुंडाळीला) वेगळा, बारीक प्रवाह आणि तो कंट्रोलरच्या, म्हणजे मोटरची वीज सांभाळणाऱ्या डब्याच्या, ताब्यात. मोटरच्या मागे चुंबक आणि सेन्सर असतो, त्यावरून कंट्रोलर फेरे मोजतो आणि ठरवलेल्या वेगापुढे जाऊ देत नाही. उतारावर हीच मोटर जनरेटरसारखी चालून गाडी रोखते.

मोठे टायर लावायचा सल्लाही मिळाला. १८ इंचांऐवजी २२ इंची लावले तर त्याच फेऱ्यांत वेग २२ टक्के वाढतो, हिशेब सोपा आहे. पण चाकाशी मिळणारा जोर तेवढ्यासाठी १८ टक्के घटतो, आणि गाडी उचलून घ्यावी लागते ती वेगळी. काळ्या मातीत, भरलेल्या क्रेटसकट, जोर घालवून वेग घेणं मला पटलं नाही. व्होल्टेज ६० वर न्यायचंही टाळलं. कंट्रोलर ४८ चा, तो जळाला तर वाचवलेले पैसे त्यातच गेले असते.

वेगाला हात लावण्याआधी ब्रेक केले. या गाडीला ब्रेक मागच्याच दोन चाकांना, तेही केबलने ओढणारे ड्रम. वेग १९ चा २५ केला तर थांबायला पावणेदोन पट अंतर लागतं, कारण ते वेगाच्या वर्गाने वाढतं. नवे लायनर, नवी केबल, पेडल नीट बसवलं. पुढच्या चाकांना ब्रेक लावणं आमच्याकडे कोणाला जमण्यासारखं नव्हतं, म्हणून २५ ही हद्द तिथेच ठरली.

बॅटरी घेतली लिथियम फॉस्फेटची, १६ सेलची, ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवर. दुकानदार १०० अँपिअरचा बीएमएस (बॅटरीतलं तिला जपणारं सर्किट) असलेली गळ्यात मारत होता. चढावर मोटर त्याच्या वर सहज ओढते आणि बीएमएस पटकन वीज तोडून टाकतो. गाडी मध्येच मेल्यासारखी उभी. मी २०० चा मागितला. जुना चार्जर चालत नाही, ५८.४ व्होल्टला थांबणारा वेगळा लागतो. सोबत मोटरच्या केबलही जाड, ३५ स्क्वेअर मिलिमीटरच्या टाकल्या.

शेवटी नागपूरच्या एका कारागिराने प्रोग्रामर नावाचं यंत्र जोडून कंट्रोलरमधली वेगमर्यादा वाढवली. त्याने मला विचारलं, "किती पाहिजे?" २५ किलोमीटरला मोटरचे फेरे साडेतीन हजारांच्या घरात जातात (मागच्या ॲक्सलचा गिअर साधारण १२ ला १). फील्डचा प्रवाह कमी करून हे फेरे मिळतात, पण तेवढ्याच जोरासाठी आर्मेचरला जास्त प्रवाह लागतो आणि मोटर तापते. तो म्हणाला, याच्यावर नको, मेमध्ये पस्तावशील. बरोबर होतं. आता सपाटीला २५ आणि चढावर १६.

दोन गोष्टी मला कोणी आधी सांगितल्या नव्हत्या. घर उंचावर असल्यामुळे सकाळी पूर्ण चार्ज गाडी उतारालाच लागते. मोटर करंट परत ढकलते, बॅटरीत जागा नसते, बीएमएस तोडतो आणि मोटरचा तो रोध एकदम नाहीसा होतो. ड्रम ब्रेक ठाकठीक होते म्हणून बरं. आता चार्जिंग थोडं आधीच बंद करतो. दुसरं म्हणजे, जुन्या सहा बॅटऱ्या पावणेदोनशे किलोच्या आसपास, नवी पन्नासच्या आत. हलकेपणा चढावर कामी येतो, पण ओल्या मातीत मागचं चाक जागच्या जागी फिरतं. पावसाळ्यात मागे दोन पोती वाळू ठेवतो.

मित्रांना ती वरुडच्या बाजारात न्यायची आहे. नेणार नाही. नोंदणी नाही, विमा नाही; कुंपणाच्या आतली गाडी आत चालते, रस्त्यावर आली की तिला मोटार वाहन कायदा लागतो. २५० वॅटच्या आतल्या स्कूटरची सवलत या मोटरला नाही.

आंबिया बहाराची तोड असते तेव्हा वातावरण थंड, त्यामुळे फेऱ्या सलग होतात. उन्हाळ्यात भर दुपारी दोन-तीन फेऱ्या झाल्या की मोटरच्या अंगाला हात लावून पाहतो. हात ठेववत नसेल तर गाडी आंब्याखाली.