सोलापूर ट्रंकची माणसं शोधताना

३१ जानेवारी २०२० या एकाच दिवशी स्वेच्छानिवृत्ती घेऊन बीएसएनएलमधून ७८ हजारांहून जास्त माणसं बाहेर पडली. मीही त्यांतलीच. एरवी कुणी निवृत्त झालं की आमच्याकडे रीतसर निरोप व्हायचा. शाल, श्रीफळ, चार शब्द, कुणाच्या तरी डोळ्यांत पाणी. त्या दिवशी निरोप देणारे आणि घेणारे एकच होते. पुढं दोन महिन्यांत टाळेबंदी लागली. त्यानंतरच्या काळात आमच्यातली काही माणसं गेली आणि ती गेल्याचं मला कधी भाजी घेताना, कधी कुणाच्या लग्नात, फार उशिरा कळत गेलं. माझ्या शेजारच्या पोझिशनवर, म्हणजे ट्रंक बोर्डावरच्या ऑपरेटरच्या जागेवर, बसणारी मैत्रीण गेल्याचं तर तिचं वर्षश्राद्ध उलटल्यावर समजलं. तिच्या डब्यातली शेंगाचटणी मी वर्षानुवर्षं खाल्ली होती. त्याच आठवड्यात मी वही घेतली आणि आठवतील तेवढी नावं लिहायला बसले.

मी १९८५ साली सोलापूर ट्रंक एक्स्चेंजला, म्हणजे परगावचे फोन जोडून देणाऱ्या केंद्रात, ऑपरेटर म्हणून लागले. ज्यांनी तो काळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. परगावी बोलायचं तर १८० ला फोन करून कॉल बुक करावा लागे. ऑर्डिनरी, अर्जंट की सर्वांत तातडीचा लाइटनिंग, ते सांगायचं. ठरावीक माणसाशीच बोलायचं असेल तर पी.पी. कॉल. आम्ही त्याचं तिकीट लिहायचो, बोर्डावर कॉर्ड, म्हणजे जोडणीची वायर, लावून समोरच्या गावच्या ऑपरेटरला मागणी द्यायचो आणि मग दोन्ही टोकं जोडायचो. पाठीमागं देखरेख करणाऱ्या मॉनिटरबाई फिरत असायच्या. सोलापूरचा बोर्ड म्हणजे चार भाषांचा बोर्ड. हैदराबादचा कॉल अडला की तेलुगू बोलणाऱ्या अक्काला हाक, विजापूर-गुलबर्ग्याला कानडी येणारी. सूत-चादरीचे व्यापारी, दवाखाने, मुंबईला राहिलेली मुलं, सगळ्यांची निकड आमच्या कानांतून जायची. त्या खोलीत आम्ही कसे वागलो, हे आमच्या घरच्यांनी कधी पाहिलं नाही. ते फक्त एकमेकांनाच ठाऊक आहे. ही माणसं शोधायची ओढ मला त्यामुळंच होती.

पण शोधायचं कुठं? एस.टी.डी., म्हणजे ऑपरेटरशिवाय थेट परगावी नंबर फिरवायची सोय, सगळीकडं झाल्यावर बोर्ड बंद पडत गेले. आमचं पद बदलून टेलिकॉम ऑफिस असिस्टंट झालं आणि आम्ही पांगलो. कुणी १९७ च्या नंबर-चौकशीवर, कुणी १९८ च्या तक्रारींवर, कुणी बिलांच्या काउंटरवर, कुणी नवऱ्याच्या बदलीमागं पुण्याला. मोबाइलमध्ये नंबर होते ते शेवटच्या ऑफिसातल्यांचे. बोर्डावरच्या लोकांचे लँडलाइन नंबर मला आजही तोंडपाठ आहेत, पण त्यांतले बहुतेक कधीच बंद झालेत.

तीन गोष्टी खऱ्या उपयोगी पडल्या. पहिली, जुनी ग्रेडेशन लिस्ट, म्हणजे कर्मचाऱ्यांची ज्येष्ठतेची यादी. एका युनियनच्या जुन्या कार्यकर्त्यानं ती पत्र्याच्या पेटीत जपून ठेवली होती. पूर्ण नाव, जन्मतारीख, नोकरीला लागल्याची तारीख, सगळं क्रमानं. बायकांची नावं मात्र त्यात माहेरची, त्यामुळं लिस्टमधली कोण आज कुठल्या आडनावानं राहते हे जुळवायला आम्हा दोघी-तिघींना बरंच डोकं लावावं लागलं. दुसरी, छापील टेलिफोन डिरेक्टरी. नंबर गेले तरी पत्ते राहतात. साखर पेठ, भवानी पेठ, रेल्वे लाइन्स असे पत्ते घेऊन मी त्या गल्लीतल्या सर्वांत जुन्या किराणा दुकानात जायचे. दुकानदाराला माणूस ठाऊक नसला तरी त्याचे वडील कुठल्या गिरणीत होते, घर विकून लोक कुठं गेले, हे ठाऊक असायचं.

तिसरी गोष्ट म्हणजे नोव्हेंबर महिना. पेन्शनरांना दरवर्षी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो, ८० च्या पुढच्यांना १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. आमच्यासारखे अलीकडे निवृत्त झालेले 'संपन्न' या दूरसंचार खात्याच्या ऑनलाइन पेन्शन व्यवस्थेतून थेट पेन्शन घेतात आणि घरबसल्या मोबाइलवर चेहरा दाखवून मोकळे होतात. जुने लोक मात्र अजून बँकेत, पोस्टात येतात. मी सकाळी तिथल्या बाकावर जाऊन बसायचे. एकानं दुसऱ्याचा पत्ता द्यायचा, दुसऱ्यानं तिसऱ्याचा. पेन्शनर संघटनेच्या लोकांनीही तिथंच वही उघडून मदत केली.

फोनवर मात्र अडचण आली. म्हाताऱ्या माणसाचा नंबर मिळाला तरी फोन मुलगा किंवा सून उचलते. "मी त्यांच्याबरोबर खात्यात होते" म्हटलं की पलीकडे आवाज थंड होतो. त्यांचं चूक नाही. पेन्शनच्या नावानं, के.वाय.सी.च्या नावानं फसवणारे फोन रोज येतात. म्हणून मी पोस्टकार्डं लिहिली. पन्नास पैशांच्या कार्डावर माझं नाव, कुठल्या साली कुठल्या पाळीत होते ते, आणि त्या माणसालाच आठवेल अशी एक खूण. कँटीनचा प्रसंग, रविवारची ड्यूटी बदलून घेतलेली, असं काही. कार्ड हातात धरून म्हातारं माणूस स्वतः वाचतं. मग फोन त्यांच्याकडून येतो. माझं ऐकाल तर वय झालेल्यांशी संपर्क साधायला याहून चांगलं साधन नाही.

सगळेच आनंदले असं नाही. १९६८ च्या संपापासूनची भांडणं काही घरांत अजून धगधगताहेत, बढतीतले सल आहेत. एका बाईंनी "मला तो काळ नको आहे" असं स्पष्ट सांगितलं. मी त्यांचं नाव वहीत ठेवलं, पण पुन्हा फोन केला नाही. एका सीनियरांची स्मृती गेली आहे. त्यांच्याजवळ बसून मी नेहमीच्या सुरात "हां सोलापूर, पंढरपूर द्या" म्हटलं, तर त्यांनी लगेच "लाइन बिझी, थांबा" असं उत्तर दिलं. त्यांच्या मुलीला रडू आवरेना.

पंढरपूरवरून आठवलं. आमच्या कामात रोज बोलायची पण कधी न पाहिलेली माणसं असायची. एकमेकांना आम्ही गावाच्या नावानंच हाक मारायचो. आषाढीत पंढरपूरची एक ऑपरेटर रात्रंदिवस झुंजायची, मी तिला फक्त आवाजानं ओळखत होते. तिचा नंबर मिळाला तेव्हा मी नाव सांगितलंच नाही, नुसतं "पंढरपूर?" म्हटलं. पलीकडं क्षणभर शांतता. मग, "सोलापूर! अगं, तू आहेस होय?" त्या बाईचा चेहरा मी त्यानंतर पहिल्यांदा पाहिला.

सर्वांत अवघड होतं ते लाइनवरच्या लोकांना गाठणं. लाइनमन, केबल जॉइंटर, रोजंदारीवरून कायम झालेले मजूर. ग्रुप काढले की त्यात ऑपरेटर आणि साहेब येतात, हे लोक राहून जातात. त्यांच्याकडं साधा फोन असतो, घर बार्शीच्या नाहीतर मंगळवेढ्याच्या बाजूला एखाद्या खेड्यात. पावसात मॅनहोलमध्ये उतरून जोडण्या करणारे जॉइंटर मामा नसते तर आमच्या बोर्डावर कॉल आल्याचा एक दिवा लागला नसता. त्यांच्याशिवायची यादी मला पुरी वाटत नव्हती. यासाठी एस.टी.नंच फिरावं लागलं.

अशाच एका खेड्यात एका दिवंगत लाइनमनच्या पत्नी भेटल्या. वय ८० च्या वर, फॅमिली पेन्शन चालू. बोलता बोलता पासबुक पाहिलं तर रक्कम वाढलेलीच नव्हती. ८० वर्षं पूर्ण झाली की मूळ पेन्शनवर २० टक्के जादा मिळतं, ८५ ला ३० टक्के, ९० ला ४०. फॅमिली पेन्शनलाही हे लागू आहे. पण पी.पी.ओ.वर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशावर, मावशींची जन्मतारीखच नोंदलेली नव्हती, त्यामुळं ते सुरू झालं नव्हतं. त्यांना मागायचं असतं हेच माहीत नव्हतं. आधार, पॅन आणि अर्ज देऊन पाठपुरावा केला. जादा रक्कम आणि मागची थकबाकी दोन्ही मिळाली. तेव्हापासून भेटायला गेले की मी पी.पी.ओ. पाहिल्याशिवाय उठत नाही. तुमच्या ओळखीत अशी कुणी आजी असेल तर आजच तिचा पी.पी.ओ. काढून बघा.

जानेवारीत जॉइंटर मामांच्या शेतात हुरड्याला जमलो. आगटी पेटवलेली, गूळभेंडी ज्वारीची कणसं, तिखट चटणी, दही, बोरं. साहेब आणि मजूर एकाच सतरंजीवर बसले. बोलणं अर्थातच किल्लारीच्या भूकंपावर गेलं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३:५६. गणपती विसर्जनाची रात्र, सोलापूरही हादरलं होतं. माझी सकाळची पाळी होती, मी वेळेच्या आधीच ऑफिसात पोचले, तर न बोलावता निम्मा स्टाफ आलेला. रात्रपाळीची मंडळी जागेवरून उठायला तयार नाहीत. लातूर, उमरगा, उस्मानाबाद, सगळे दिवे एकदम लागलेले आणि पलीकडून प्रत्येकाचा एकच प्रश्न. त्या सकाळी कोण कुठल्या पोझिशनवर होतं, कुणी कुणाला पाणी आणून दिलं, ते आम्ही आगटीभोवती बसून एकमेकांकडून पुरं करून घेतलं. मला आठवत नव्हतं ते अक्काला आठवत होतं. आपण तेव्हा रडत रडत कॉल जोडत होतो, हे तिनं मला सांगितलं. मी ते पार विसरले होते.

आता वही आम्ही तालुक्यांप्रमाणे वाटून घेतली आहे. अक्कलकोट अक्काकडं, बार्शी मामांच्या मुलाकडं, सांगोला-मंगळवेढा माझ्याकडं. विजापूर ट्रंकवर कानडी मिसळून मराठी बोलणाऱ्या एक बाई होत्या, त्यांचा माग अजून लागलेला नाही. त्यांच्यासाठी पुढच्या महिन्यात पंढरपूर आणि मी दोघी मिळून विजापूरला जाणार आहोत.