हिरड्यांतून रक्त येतंय? मग साखरही तपासा

हिरड्यांचा आजार, पोटाचा घेर आणि मधुमेह यांना जोडणारा धागा रक्तात सापडतो. पोटावरची चरबी टीएनएफ-अल्फा आणि आयएल-६ ही दाहाची रसायनं सोडते. सुजलेल्या हिरड्याही तीच सोडतात. त्यांच्यामुळे इन्सुलिनचा परिणाम कमी होतो, साखर चढते आणि चढलेली साखर हिरड्यांची झीज वाढवते. आयएल-६मुळे यकृत सीआरपी हे दाह दाखवणारं प्रथिन बनवतं. ते रक्तात मोजता येतं, पण तापात किंवा संसर्गातही वाढलेलं येऊ शकतं. १० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर आलं तर बरं वाटल्यावर दोन आठवड्यांनी पुन्हा करा.

दंतवैद्याकडून हिरडी आणि दातामधल्या फटीची खोली मोजून घ्या. ३ मिलिमीटरपर्यंत ठीक. ४ किंवा जास्त असेल तर मुळांपर्यंत सफाई लागू शकते. त्यानंतर तीन महिन्यांनी एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी करा. लाल पेशी सुमारे १२० दिवस जगतात, त्यामुळे घाईने केलेल्या तपासणीत जुनीच साखर मिसळलेली असते. एचबीए१सीच्या आकड्यात साधारण ०.४ची घट धरा. मधुमेहाच्या गोळ्या मात्र बंद करू नका.

आपल्या खानदेशात दोन गोष्टी हमखास निसटतात. मिसरी लावणाऱ्या बायकांच्या हिरड्यांतून रक्त कमी येऊ शकतं, कारण तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात. आजार आत चालूच असतो. मला ही मिसरी सगळ्यात जास्त खटकते. दुसरं, नंदुरबारकडे सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल हा लाल पेशींचा आनुवंशिक आजार आहे, आणि त्यात एचबीए१सीचा आकडा फसवा येऊ शकतो. अशा माणसाची उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखर बघा.